जळगाव ते धुळे, चार वेळा बंद

गाडीच्या मागच्या सीटवर बरीच वर्षं कोंबड्या राहत होत्या, हे विकणाऱ्याने मला सांगितलं नव्हतं. सावद्याला केळीच्या एका गोदामात ती उभी होती. वर ताडपत्री, आत अंधार, आणि बघायला आलेला मी आधीच प्रेमात पडलेला. मला तिचे गोल हेडलाइट दिसले, सीटवरचा पांढरा थर दिसला नाही. मेहरूणला घरी आणून दारं उघडली तेव्हा गल्लीतली मांजरं गोळा झाली आणि बायको घरात निघून गेली.

तीन महिने मी ती सीट घासली. फिनाइल झालं, लिंबू झालं, कडुलिंबाचा पाला झाला, शेवटी धूप घातला. फरक एवढाच पडला की देवळात कोंबड्या पाळल्यासारखा वास येऊ लागला. त्यात कुजक्या केळ्यांचा आंबूसपणा, एअर फिल्टरमधून निघालेल्या उंदराच्या घरट्याची आठवण, आणि सगळ्यांवर कच्च्या पेट्रोलचा दर्प. मी या गाडीत बसून आनंदाने गुणगुणत असे. मला आज त्या गुणगुणणाऱ्या माणसाची किळस येते.

बायकोने अट घातली. "रविवारी ही गाडी धुळ्याला माझ्या बहिणीकडे जाऊन संध्याकाळपर्यंत स्वतःच्या चाकांवर परत आली, तर राहील. दोरी बांधून आली, तर सोमवारी भंगारवाला. आणि बघायला मी स्वतः बसणार आहे. पेट्रोलच्या वासाने माझं डोकं उठतं, तेवढं आधी बंद करा."

"केलं," मी म्हणालो, आणि खरंच केलं होतं.

मागे, कोंबड्यांच्या जागी, नाना बसले. नाना आमचे मिस्त्री. वय साठीच्या पुढे, गालात कायम तंबाखू, आणि एक नेम ठरलेला. गाडी कुठल्याही कारणाने बंद पडो, नाना आधी बॉनेटला हात लावत नाहीत. आधी टाकी. तरुणपणी त्यांनी एका गाडीचं अर्धं इंजिन खोलून रस्त्यावर मांडलं होतं आणि मग कळलं की टाकी कोरडी आहे. त्या लाजेपासून त्यांच्या पिशवीत कपाशीची एक सोललेली काडी असते. झाकण उघडायचं, काडी बुडवायची, ओली निघाली की हुंगायची, आणि मगच पाना काढायचा. आमच्या गाडीचा पेट्रोलचा काटा मेलेलाच होता, त्यामुळे त्या काडीचा मान आणखी वाढला.

पाळधीच्या पुढे गाडी खोकली, दोन गचके दिले आणि मेली.

नानांनी काडी बुडवली. "पेट्रोल शे," ते म्हणाले. मग प्लग काढले आणि माझ्या इस्त्रीच्या रुमालाने पुसले. गाडी लगेच चालू झाली. "प्लग व्हता भाऊ."

एरंडोल यायच्या आत पुन्हा तेच. काडी, हुंगणं, "पेट्रोल शे." या वेळी ठिणगी पाडणारे पॉइंट घासले. गाडी चालू. "पॉइंट व्हता."

"मघाशी प्लग होता ना?" बायकोने ओढणीतून विचारलं. नाक तिने जळगाव सोडतानाच बांधून घेतलं होतं.

"वहिनी, जुनी गाडी शे. तिले एक दुखणं नसतं."

तिसऱ्यांदा एरंडोलच्या पुढे, भर उन्हात. काडीनंतर कार्बोरेटर खोलला. आतून चघळून टाकल्यासारखा तपकिरी लगदा निघाला. नानांनी तो बोटाने काढला, बोट माझ्याच रुमालाला पुसलं, पेट्रोल फवारणारा बारीक जेट ओठांत धरून फुंकला, थुंकले, आणि त्याच बोटांनी नवी तंबाखू मळली. रुमाल परत घ्यायचा विचार मी सोडला. गाडी मात्र चालू झाली. बायकोचा चेहरा दर थांब्याला उजळत चालला होता. ती जिंकत होती, हे मला दिसत होतं.

चौथ्यांदा पारोळ्याच्या पुढे. काडी पुन्हा ओली. आता नानांनी निदान बदललं: टाकीतून येणारी नळी तुंबली आहे, तोंडाने ओढावी लागेल. त्यांचं तोंड आलं होतं, तंबाखूने. "तुम्हीच ओढा भाऊ."

मी त्या काळ्या, चिकट नळीचं टोक ओठांत धरलं. तिच्यावर कित्येक पावसाळ्यांचं ग्रीस आणि उंदरांचे दात होते. नळी तुंबलेली आहे, म्हणून मी सारा जीव एकवटून ओढलं. ती अजिबात तुंबलेली नव्हती. पेट्रोल घशात, नाकात, शर्टावर. कपाशीच्या शेताच्या बांधावर मी सकाळचे पोहे परत केले, गुडघ्यावर बसून, हायवेवरून जाणाऱ्या ट्रकवाल्यांच्या साक्षीने.

"अजून एक बार ओढा," नाना म्हणाले. मी खरंच नळीकडे वळलो.

बायको पाण्याची बाटली घेऊन खाली उतरली. "नाना, पुरे. टाकीचं झाकण बघा."

"झाकणनं काय?"

"तुम्ही काडीसाठी ते उघडता तेव्हा दर वेळी फुस्स करून हवा आत जाते. मग तुम्ही प्लग पुसा नाहीतर देवाचं नाव घ्या, गाडी चालू होते. चारही वेळा मी ऐकलंय."

नानांनी झाकण उलटं केलं. मधोमध करड्या लांबीचा, काचा बसवतात त्या पुट्टीचा, एक गुळगुळीत ठिपका होता. "हाई भोक कोणी बुजी टाकं?"

मी. शुक्रवारी. पेट्रोलचा वास तिथूनच येतो असं मला वाटलं होतं. लांबी मळून भरली होती, वाळल्यावर पॉलिश पेपरने घासलीही होती, दुसऱ्याला दाखवावं असं काम झालं होतं. पेट्रोल बाहेर जायचं तर तेवढीच हवा आत यायला हवी, आणि तिची ती एकच वाट मी बंद केली होती. काडी बुडवताना नाना नकळत गाडी बरी करत होते आणि पुढचं सगळं उगाच खोलत होते.

"टाकीनं नाक दाबी ठेवं तुम्ही भाऊ," नाना म्हणाले. मग खिळा आणि पान्याने भोक मोकळं केलं आणि मागे जाऊन बसले.

धुळ्याला मेव्हणीने शेवभाजी केली होती. तिला पेट्रोलची चव होती. भाकरीलाही. मी ढेकर दिला की समोरची माणसं मागे सरकत होती.

परतीच्या रस्त्यावर गाडी एकदाही थांबली नाही. पेट्रोलचा दर्प पुन्हा सुरू झाला होता आणि बायको डोकं दाबून खिडकीला टेकली होती. मी विचारलं, "तुला कधी कळलं?"

"एरंडोलच्या आधी. दुसऱ्या वेळी."

"मग बोलली का नाहीस?"

"मला गाडी नको होती."

"आणि पारोळ्याला?"

"तिथेही नको होती. पण तुम्ही ओकून उठलात आणि परत ती नळी धरायला निघालात. ते मला बघवेना."

मेहरूणला दिवस मावळायच्या आत पोचलो. ती उतरली, दार दोनदा आपटल्यावर लागलं. "भंगारवाल्याला फोन करून नको म्हणा," ती म्हणाली. "उद्या सकाळी नऊला बोलावून ठेवलाय."