गिरणीवाल्या मामांची दुरुस्ती

त्या थोर नाटककाराविषयी आमच्या गिरणीवाल्या मामांना जेवढं ठाऊक होतं, तेवढं खुद्द नाटककारालाही ठाऊक नसावं. हे वाक्य मी कित्येक वर्षं टाळत आलो, कारण ते लिहिलं की पुढचंही लिहावं लागतं.

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत मामांची पिठाची गिरणी होती. स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली होती आणि मी कॉलेजात मराठी शिकवत होतो. नाटककार जाऊन बराच काळ लोटला होता, पण तिथल्या मुक्कामात तो ताकात मीठ घालायचा की साखर, हा तपास मामांनी बंद केला नव्हता. दळण घेऊन कुणी म्हातारा आला की पहिला प्रश्न, "पावणं, नाटक कंपनीत कोण व्हतं काय तुमच्या घरातलं?" हुपरीच्या एका चांदी कारागिराचे आजोबा कंपनीत पडदा ओढायचे, एवढ्या पुण्याईवर त्याचा रांगेत कायम पहिला नंबर. एकदा भर बाजारात मामा लंगडत चाललेले दिसले. मी घाबरून विचारलं, तर म्हणाले, "पाय बरा हाय वं! नाटककार हितं व्हते, त्या महिन्यात त्येंचा पाय सुजलावता. बिऱ्हाडापासनं थेटरापतूर किती येळ लागत असंल, बघतोय." ऐकलेलं सगळं ते टिपून ठेवत, सांगणाऱ्याला वाचून दाखवत आणि खाली त्याची सही नाहीतर अंगठा घेत. पिठानं पांढऱ्या झालेल्या त्या वह्या मला मात्र खुशाल चाळू देत.

त्यांतच मला गडहिंग्लजच्या एका पेटीवाल्याची हकीकत सापडली. नाटककाराच्या सर्वांत गाजलेल्या नाटकाचा शेवट गाण्यावर नाही, भाषणावर होतो. का, यावर विद्वानांनी पानंच्या पानं लिहिली होती. पेटीवाला म्हणत होता, नायकाचा घसा बसला म्हणून गाणं काढलं! मी एका मासिकात लेख लिहिला. त्यात 'माझ्या संशोधनात असे आढळले' असं लिहिलं. मामांचं नाव कुठंच नव्हतं. लेख गाजला, व्याख्यानांची बोलावणी आली. मामांनी तो गिऱ्हाइकांना मोठ्यानं वाचून दाखवला.

महिन्याभरानं ते गडहिंग्लजहून एसटीनं उतरले ते थेट माझ्या दारात.

"मास्तर, घोटाळा झाला की! वही वाचून दावली, तर म्हातारा म्हणतोय, घसा बसलावता त्यो दुसऱ्याच नाटकात. अंगठा द्याला तयार न्हाय."

"म्हणजे अंगठा घेतलाच नव्हता?"

"ऱ्हायलावता. तुमी छापचाल, हे कुठं ठावं व्हतं? आता दुरुस्ती छापा. तुमचं नाव खराब हुईल."

माझं नाव! "पुढच्या अंकात देतो," मी म्हणालो. पण चूक कुणी काढली हे सांगायचं, तर मुळात हकीकत कुणाची हेही सांगावं लागलं असतं. मामा दर अंकाला विचारत, "आली का वं?" मी कधी कागदटंचाई सांगे, कधी संपादकांचं आजारपण. तोवर ती चूक दोन पुस्तकांत शिरली होती.

पुढे मामांनी अंथरूण धरलं. मी भेटायला गेलो. मला पाहून ते कोपरावर भार देऊन उठून बसू लागले. "मास्तर, आली?"

"आली," मी म्हणालो.

"ब्येस झालं," म्हणून त्यांनी डोळे मिटले. किती सहज विश्वास ठेवला! 'मामा, माझं चुकलं,' एवढंच म्हणायचं होतं. मी त्यांच्या पायांवरचं पांघरूण नीट केलं आणि म्हणालो, "पडून राहा. मी निघतो."