आग्रह न करणाऱ्या अक्का

सुवर्णाअक्का जेवताना आग्रह करत नसत. डबा उघडला की कडक भाकरी पुढे करून एकदाच विचारायच्या, "पाहिजे?" समोरचा रीतीप्रमाणे "नको, नको" म्हणाला की झाकण बंद. सोलापुरात पहिलं "नको" कुणी खरं धरत नाही, त्यामुळे आमच्या रुग्णालयातले बरेच जण त्यांच्यावर रुसलेले आणि उपाशी असत. "नको म्हणालात, म्हणजे नको. त्यात माझं काय चुकलं?" हे अक्कांचं उत्तर.

त्या मूळच्या अक्कलकोटच्या. रागावल्या की कानडीत पुटपुटत. रुग्णालयाचं सगळं नेटवर्क त्यांच्याकडे, आणि अध्यक्षांची भाषणं लिहिणं माझ्याकडे. दोन्ही कामं बिघडल्याशिवाय कुणाच्या लक्षात येत नसत.

मैंदर्गीला आमचं छोटं केंद्र होतं. तिथले रुग्ण पडद्यावरून इथल्या डॉक्टरांना भेटत. पण चित्र सारखं गोठायचं. विश्वस्तांनी सांगून टाकलं होतं, वर्धापनदिनाला शेवटचं बघू. नाही चाललं तर केंद्र बंद. मग मधुमेहानं पाय चिघळलेल्या बाईनं एसटीनं सोलापूर गाठायचं, किंवा बहुधा घरीच बसायचं.

कारण अक्कांनी शोधलं. अध्यक्षांच्या हौसेनं प्रत्येक मजल्यावर टीव्ही लागले होते, आणि त्या टीव्हींवरचा कार्यक्रम नेटवर्कचा स्विच, म्हणजे तारांमधून माहिती वाटणारी पेटी, प्रत्येक तारेत ओतत होता. पलीकडे टीव्ही असो, एक्स-रे असो, की मैंदर्गीशी बोलायची खोली.

"हा तुमचा सोलापुरी वाढपी आहे, दासरी," त्या मला म्हणाल्या. "पानावर हात आडवा धरला तरी वाढतोच."

मग त्यांनी स्विचला ऐकायला लावलं. कोणता टीव्ही कार्यक्रम मागतोय ते ऐकायचं आणि त्याच तारेत पाठवायचं. नेटवर्कवाले याला स्नूपिंग म्हणतात, म्हणजे शुद्ध चोंबडेपणा. पण इथे तो उपयोगी होता.

वर्धापनदिनी अध्यक्ष सभागृहात बोलायला उभे राहिले आणि तिकडे मैंदर्गीच्या काशीबाई पडद्यासमोर बसल्या. डॉक्टरांचं चित्र अजिबात गोठत नव्हतं. भाषण "आरोग्यसेवेचा महासागर" इथवर आलं आणि ते दाखवणारे सगळ्या मजल्यांवरचे टीव्ही काळे पडले. अध्यक्षांचे सहायक धापा टाकत आले.

"अक्का, ते तुमचं ऐकणं-बिकणं बंद करा आधी. साहेब दिसेनात."

"बंद केलं तर साहेब दिसतील, अन् मैंदर्गी गोठेल."

"गोठू दे की पाच मिनिटं."

"डॉक्टर त्या बाईचा पाय बघतायत. साहेबांना थांबू दे."

अक्का स्विचची स्थिती बघत होत्या. त्याच्या लेखी आता कुणीच कार्यक्रम मागत नव्हतं. एकदम त्यांनी कपाळावर हात मारला. स्विचची आठवण तोकडी असते. "अजून पाहिजे का?" असं ठरावीक वेळानं सगळ्यांना विचारत फिरणारं कुणीतरी नेमावं लागतं, नाहीतर मागणारे उठून गेले असं तो समजतो. हा विचारणारा अक्कांनी नेमलाच नव्हता.

"माझाच स्वभाव घातला की मी त्याच्यात," त्या म्हणाल्या. मुख्य स्विचला त्यांनी ते काम लावलं. क्षणात टीव्ही उजळले. भाषण अजून महासागरातच होतं. मधल्या काळात एकाही मजल्यावरून तक्रार आली नव्हती; भाषणाचा लेखक म्हणून मी ते मनाला लावून घेतलं नाही.

भाषण संपल्यावर सहायकांनी घडलेलं अध्यक्षांना सांगितलंच. आपल्याला कुणासाठी थांबवलं ते बघायला ते हार घातलेलेच मैंदर्गीशी बोलायच्या खोलीत आले आणि डॉक्टरांना जवळजवळ खेटून बसले.

"डाक्टर, ह्ये हार घातल्यालं कोण बसलंय?" पडद्यावरून काशीबाईंनी विचारलं.

"आमचे अध्यक्ष आहेत, मावशी."

"बसू द्या की. पर आदी माजा पाय बघा. आज तुमचं त्वांड आन् बोलणं एकदमच येतंय."

अध्यक्षांनी हार काढून मांडीवर ठेवला आणि खुर्ची मागे घेतली. केंद्र बंद करायचा विषय पुन्हा निघाला नाही. निवृत्तीनंतर अक्का हुबळीला लेकीकडे राहायला गेल्या. मैंदर्गीला आता डोळ्यांचे डॉक्टरही दिसतात.