विकतची टाळी

माझा काका टाळ्या वाजवायच्या नोकरीत होता. हे ऐकल्यावर लोक आधी हसत आणि मग पगार विचारत. टीव्ही केंद्रावर दर शनिवारी संध्याकाळी गाणी, खेळ आणि प्रश्नोत्तरं असा एक मिसळीचा कार्यक्रम थेट दाखवत. त्यासाठी बोलावलेले प्रेक्षक तिथले झगझगीत दिवे बघून बुजत आणि गाणं संपलं तरी आ वासून बसून राहत. त्यांच्यात साधा शर्ट घालून बसायचं आणि टाळ्यांना सुरुवात करून द्यायची, हे काकाचं काम. एकाने वाजवली की बाकीचे मेंढरांसारखे मागे येतात, असं तो म्हणे.

त्यातही शास्त्र होतं बरं का. तळवे जरा पोकळ ठेवायचे, नाहीतर कानफटात मारल्यासारखा आवाज येतो. घाई केली तर गायक चिडतो, उशीर झाला तर सगळेच ओशाळतात. उत्तर चुकलेल्या स्पर्धकासाठी वाजवायची नाही असा नियम होता, तो मात्र काकाला फार जड जाई.

शनिवारी आमच्या बाहेरच्या खोलीत मुंगी शिरायला जागा नसे. शेजारच्या शिंपीणकाकू मशीन बंद करून, गळ्यातली टेप तशीच ठेवून येत. पडद्यावर प्रश्न विचारला की अख्खी खोली उत्तर देई, बहुतेक वेळा चुकीचं, आणि वर त्या स्पर्धकालाच बिनडोक ठरवून मोकळी होई. गाणं लागलं की भांडणं मिटत. आता ढीगभर वाहिन्या आहेत आणि घरातला प्रत्येक जण आपापल्या फोनात डोकं खुपसून बसतो. त्या दाटीवाटीची मला इतकी आठवण येते की कधीकधी रडू येतं. असो.

आजोबा तेवढे त्या गर्दीत नसत. ते बाटल्यांच्या कारखान्यात होते. उजेडासमोर बाटली धरायची आणि कुठे तडा आहे का बघायचं, हे त्यांचं काम. तीच नजर ते घरी घेऊन येत आणि आमच्यावर रोखत. शनिवारी ते पेपर घेऊन स्वयंपाकघरात जाऊन बसत. "घाम न गाळता मिळते ती टाळी विकतची," असं म्हणत. पोराने नाव काढलं, लोकांना टाळ्या पुरवतो, हेही वर असेच. काका हसण्यावारी नेई. पण दर शनिवारी निघताना चपला घालत घुटमळे आणि विचारे, "बाबा, आज बघणार का?" आजोबा पेपरचं पान उलटत. बाबांनी एकदा, फक्त एकदा बघावं, एवढंच त्याला हवं होतं. आम्हाला सगळ्यांना ते दिसत होतं.

मग आजोबा निवृत्त झाले. कारखान्याच्या जेवणघरात निरोपसमारंभ होता. निघताना त्यांनी काकाला बजावलं, "तिथे तुझा धंदा करायचा नाही. वाजवायच्या असतील तर लोक वाजवतील." काकाने मान डोलावली. तिथे तो माझ्या शेजारी, शेवटच्या बाकावर, दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला.

साहेब बोलले, जरा जास्तच बोलले. मग आजोबांना उभं केलं. घरी आम्हाला तासन्‌तास सुनावणाऱ्या माणसाची तिथे बोबडी वळली. "इतकी वर्षं बाटल्या बघितल्या. एखादी फुटकी सुटली असेल तर माफ करा," एवढंच बोलले आणि थांबले. भाषण संपलं की अजून आहे, कुणालाच कळेना. सगळे गप्प. आजोबाही उभेच, बसावं की नाही ते त्यांना सुचेना. मी त्यांना घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं.

काकाचे हात मांडीखालून कधी सुटले ते त्यालाही कळलं नसावं. पोकळ तळवे वगैरे सगळं विसरून तो सपाट हातांनी फाडफाड वाजवत सुटला. लोकांनी आधी मागे वळून बघितलं, आणि मग भट्टीवाले, हमाल, साहेब, सगळेच वाजवायला लागले. बराच वेळ कुणी थांबेना.

परतताना बसमध्ये काका चोरासारखा कोपऱ्यात बसला होता. आता आपली काही धडगत नाही, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. आजोबा खिडकीबाहेर बघत होते. तिकडेच बघत त्यांनी विचारलं, "ही पण कामातलीच होती का रे?"

"कामातली असती तर वेळेवर थांबवता आली असती," काका म्हणाला.

पुढच्या शनिवारी काकाने निघताना काही विचारलं नाही, नुसत्या चपला घातल्या आणि गेला. कार्यक्रम सुरू झाला आणि आजोबा बाहेरच्या खोलीत आले. शिंपीणकाकूंनी सरकून जागा दिली. पडद्यावर एका मुलीने गाणं म्हटलं, टाळ्या झाल्या. आजोबा माझ्याकडे झुकले.

"यातली आपल्या पोराची कुठली?"

"सगळ्यात आधीची," मी म्हटलं.

"ती राहिली की ऐकायची," आजोबा म्हणाले, आणि कानामागे हात धरून पुढचं गाणं संपायची वाट बघत बसले.