आतोबांचा कोळी

उंब्रजपासून सांगलीपर्यंतच्या समस्त आठ पायांच्या कोळ्यांनी आपल्या पोरांना झोपवताना कुणाची भीती घातली असेल, तर ती माझ्या आतोबांचीच. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन उंब्रजला ऊस करायला आले आणि समोर दुश्मन नाही म्हणून वर्षभर नुसते कासावीस झाले. मग एके सकाळी दंडावर फोड उठला आणि दुश्मन सापडला. "झोपेत अंगावर कोळी चिरडला!" त्यांनी जाहीर केलं. तेव्हापासून गावात कुणाला पुळी होवो, गळू होवो, नायटा होवो, आतोबांच्या लेखी ती करणी कोळ्याचीच. घामाला, डासाला, उन्हाला त्यांनी कधी दोष दिला नाही.

रोज चहाआधी घराची झडती व्हायची. लांब वेळूला केरसुणी बांधून आतोबा तुळया, फोटोंच्या मागच्या जागा, देवळीचे कोपरे असं सगळं धुंडाळायचे. पाहुण्यांची पिशवी अंगणात झटकल्याशिवाय आत यायची नाही. माझे वडील साताऱ्याहून बहिणीकडे गेले की त्यांना उंबऱ्याबाहेर टोपी काढून आतून दाखवावी लागे. सख्खे मेव्हणे, मानाचे! वडील लालबुंद व्हायचे. आतोबा मात्र शांतपणे म्हणायचे, "पाव्हणं, रागावू नगा. टोपी म्हंजे लय वाईट जागा."

त्यांचं औषध एकच, पाण्यात कालवलेला आमचूर. मला बघायला सांगलीची मंडळी साताऱ्याला आली, तेव्हा आतोबा हजर होते आणि माझ्या हनुवटीवर नेमकी तारुण्यपीटिका उगवलेली. त्या वयात दुसरं काय उगवणार! पण आतोबांनी धरून तिच्यावर आमचुराचा लपका मारला आणि मी तशीच पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर गेले. वर हे मुलाच्या आईला विचारतात, "आवं, तुमच्यात जळमटं कवा काढत्यात?" मला वाटलं, संपलं सगळं, आता जन्मभर साताऱ्यातच. पण पोरगं खुदकन हसलं, आणि त्या हसण्यावर माझं लग्न ठरलं. सासूबाईंनी पुढे मला खासगीत सांगितलं, की त्या घरी गेल्या गेल्या पहिल्यांदा शिडीच शोधायला लागल्या होत्या.

आत्या म्हणजे या सगळ्याचं दुसरं टोक. मुंगी दिसली तरी ती चिरडू नये म्हणून पाय आखडून घेणारी. फळीवर शेवयांच्या डब्यामागे तिनं एक थोराड कोळी चक्क पाळला होता म्हणा ना. झडती सुरू झाली की ती बरोबर त्या फळीपुढे उभी राहून भांडी लावायला लागायची. मी हसले की म्हणायची, "ऱ्हाऊ दे गं. त्येचं बी घर हाय की."

आतोबांचा आणखी एक कायदा होता, आणि त्यानंच घात केला. कोळी सापडल्याशिवाय डॉक्टर नाही. "दुश्मन कोण त्ये कळल्याबिगर गोळीबार करायचा व्हय?" असं विचारायचे. एरवी पुळी आपोआप बरी व्हायची आणि कायदा तेवढा शाबूत राहायचा.

शहाण्णव सालच्या उन्हाळ्यात त्यांच्या मानेवर फोड आला. त्याला भराभर तोंडं फुटत गेली. आत्यानं ओळखलं. "आवं, ही काळपुळी हाय. माझ्या आईला आल्ती, तवा रक्तात साखर निघाली. कराडला चला." आतोबा ढिम्म. "आदी कोळी घावू दे." ताप चढला, वेळू उचलेना, तरी भिंत धरधरून शोध चालूच. आत्यानं बूथवरून फोन केला. रडत होती. मी मिळेल त्या एसटीनं उंब्रजला गेले, तर आतोबा भर उन्हाळ्यात घोंगडी पांघरून बसलेले, मानेवर आमचूर वाळलेला, डोळे तांबारलेले. मी ओरडले, विनवण्या केल्या, शेवटी हात जोडले. "झडती हुईस्तवर थांब, पोरी," एवढंच बोलले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या स्वयंपाकघरातून आली. मूठ उघडून त्यांच्यापुढे धरली. "आवं, ह्यो बघा. तुमच्या उशाखाली घावला." तळव्यावर मेलेला कोळी होता. आतोबांनी कोळ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे बराच वेळ बघितलं. म्हणाले, "व्हय. ह्योच त्यो. बोलवा जीप."

कराडच्या डॉक्टरांनी जखम पाहिली, रक्त तपासलं आणि आम्हालाच झापलं. साखर भयंकर वाढलेली, विष अंगभर पसरलेलं. फार उशीर केलात, म्हणाले.

आत्या चहा आणायला खाली गेली होती, तेव्हा आतोबांनी मला जवळ बोलावलं. "शेवयाच्या डब्यामागचा व्हता त्यो," ते म्हणाले. मी चमकले. "तुम्हाला ठाऊक होता?"

"न्हाई तर काय! तिचा म्हणून मी कवा हात लावला न्हाई. झडतीला ती आडवी हुबी ऱ्हायची, मी तोंड फिरवायचो." त्यांना धाप लागली. "मुंगी न मारणारी बाई. तिनं त्येला मारलं म्हंजे किती भ्याली आसंल, सांग. मग न्हाई कसं म्हनू? तिला सांगू नगंस गं. फसवलं आसंच वाटू दे." मी त्यांच्या हातावर हात ठेवून शब्द दिला.

तिसऱ्या दिवशी ते गेले. सगळ्या आळीला हसवणारा माणूस एका फोडानं गेला, हे अजून माझ्या मनाला पटत नाही.

दिवाळीला मी आत्याकडे गेले. तुळयांना जळमटं लोंबत होती. वेळू कोपऱ्यात तसाच उभा. मी तो उचलायला गेले तर म्हणाली, "नगं. त्यो त्यांच्याच हाताला शोभायचा." मग फळीवरच्या डब्याकडे बघत बसली. मागची जागा रिकामी होती.

"उभ्या जल्मात एकदाच फसवलं गं मी त्यास्नी," ती म्हणाली. "आन् त्ये बी उशिरा. चार दिस आदी फसवाया पायजे व्हतं. लगीच ऐकलं असतं त्यांनी."

ऐकलं असतं, हे मला तिच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. पण आतोबांना शब्द दिला होता. मी तिचा हात हातात घेतला.