दुसऱ्याने भरलेलं काडतूस

दुकानातली गोळी ज्याला चालते त्याने खुशाल दुकानात जावं, असं ऑर्व्हिल टॅन्डबर्ग म्हणायचा आणि म्हणताना नाक असं मुरडायचा, की जणू कुणी त्याच्यापुढे डब्यातलं गार सूप ठेवलंय.

बिटररूटच्या खोऱ्यात, लाकडाच्या गिरणीत उभी हयात घालवलेला माणूस. बायकोचा वाढदिवस त्याच्या कधी लक्षात राहिला नाही, पण बंदुकीच्या दारूचा एक कण कमीजास्त झाला तर त्याला जेवण जायचं नाही. तरुणपणी त्याने स्वतःचं काडतूस काढलं. पितळी पुंगळी बाजारचीच, पण तिचा गळा आवळला, खांदे रुंद केले आणि त्या घाटाची एकच रायफल बनवून घेतली. असल्या घरच्या काडतुसाला आमच्याकडे रानमांजर म्हणतात. ते कुठल्याच दुकानात मिळत नाही. ज्याने जन्माला घातलं त्यानेच ते पोसायचं.

आणि पुंगळीला तो घाट यायचा कसा? तर आत थोडी दारू, वर नाश्त्याच्या लापशीचा रवा ठासायचा, तोंडाला मेणाचं बूच, आणि बंदुकीत घालून आभाळाकडे बार काढायचा. गोळी नाही, काही नाही. आतल्या रेट्याने पितळ फुगतं आणि बंदुकीच्या पोटात जशी जागा असेल तसं अंग धरतं. मर्ल प्रुइट, घोड्यांना नाल ठोकणारा त्याचा जुना दोस्त, याने हे आयुष्यभर पाहिलं. तरी दर वेळी गरम पुंगळी तळहातावर घेऊन तो म्हणायचाच, “आयला! रव्याने पितळ वळवलं!”

“तुझं डोकं वळत नाही एवढंच,” ऑर्व्हिल म्हणायचा.

शेवटी डोकं गेलं ते ऑर्व्हिलचंच. हळूहळू गेलं. आधी किल्ल्या, मग शेजाऱ्यांची नावं, मग सख्ख्या भावाचं. एका थंडीत तो मर्लच्या अंगणात पुंगळी हातात धरून उभा राहिला आणि विचारलं, “मर्ल, यात दारू घातली का रे मी?” मर्ल हसला. म्हणाला, “म्हातारा झालास, दुसरं काय!” ऑर्व्हिल हसला नाही. पुंगळी खिशात टाकून तो घरी गेला. त्यानंतर बार काढताना त्याला कुणी पाहिलं नाही. पण काडतुसं भरायच्या यंत्राचं हँडल मात्र रोज दुपारी चालायचं, खट्‌ खट्‌, मरेपर्यंत.

आमच्याकडे एक नियम आहे. दुसऱ्याने भरलेलं काडतूस झाडायचं नाही. भाऊ असो, बाप असो, पाद्री असो. आत किती दारू आहे हे भरणाऱ्यालाच ठाऊक. चुकलं तर बंदूक तोंडावर फुटते. म्हणून असा माणूस गेला की त्याच्या जवळच्या दोस्ताने येऊन एकेक काडतूस उघडायचं आणि दारू मागल्या दारच्या झाडांना घालायची. ऑर्व्हिल वसंतात गेला, आणि मर्ल तेव्हापासून हे काम टाळत होता. सप्टेंबर उजाडला तेव्हा ऑर्व्हिलची मुलगी जोलीन मर्लच्या दारात येऊन उभी राहिली.

“मर्ल अंकल, मेंढ्याचा परवाना लागला!”

डोंगरी मेंढ्याच्या शिकारीचा परवाना सोडतीत निघतो. लोक अर्ज करकरून म्हातारे होतात. जोलीन शाळेत होती तेव्हापासून बाप दर वर्षी तिच्या नावाचा अर्ज भरायचा, आणि लागला तो हा असा, बाप नसताना.

“बाबांची रायफल नेणार. आणि बाबांचीच काडतुसं. फळीवर दोन खोकी भरून ठेवलीत.”

“रायफल ने. काडतुसं नाही.”

“का?”

“का म्हणजे? नियम तुला माहीत नाही? त्याच्याच मांडीवर बसून शिकलीस ना!”

“त्यांनी भरलेलं एकही कधी चुकलं नाही.”

“पोरी,” मर्ल म्हणाला, “शेवटी शेवटी त्याला तुझं नाव आठवत नव्हतं गं.”

जोलीनचं तोंड एवढंसं झालं. पण ती बापाचीच मुलगी. “मग चला. उघडा माझ्यासमोर. चुकीचं निघालं तर गप्प बसेन.”

दोघं ऑर्व्हिलच्या गॅरेजमध्ये गेली. स्वयंपाकघराचं दार तिथेच उघडतं. लिओटा, त्याची बायको, टेबलापाशी सफरचंदं सोलत होती.

“उघडा, उघडा,” ती म्हणाली. “दारू माझ्या रुबार्बच्या वाफ्याला घाला. आणि त्याने माझा रवा कुठे कुठे सांडलाय तेही बघा. दोन हिवाळे डबा टिकू दिला नाही मेल्याने. मला वाटायचं कोरडाच खातो की काय!”

मर्ल नुसतं हुं म्हणाला. ऑर्व्हिलला रवा लागायचाच. पण मग त्याच्या मनात आलं, रवा संपला तर बार कुठे झाले? दोन हिवाळे एकही बार कुणी ऐकला नव्हता.

काडतुसं अशी लखलखत होती की हात लावायला मन होईना. गोळी सुटी करायच्या पोकळ हातोड्यात त्याने एक घातलं आणि ओंडक्यावर आपटलं. गोळी निसटली. मागोमाग बशीत पांढरा रवा पडला.

मर्लने दुसरं उघडलं. रवा. तिसरं, रवा. बिचारा! दारूचा डबा कुठला, रव्याचा कुठला, तेही कळेनासं झालं होतं! आयुष्यभर कणाकणाचा हिशेब ठेवणारा माणूस, आणि त्याची ही दशा. सवयीने त्याने रवा काट्यावर घातला. तिन्ही पुंगळ्यांतला अगदी सारखा भरला, काटा हललासुद्धा नाही.

“मर्ल अंकल,” जोलीन हळूच म्हणाली, “बुडाकडे बघा.”

त्याने भिंग लावलं. पुंगळीच्या बुडातली टोपी, जिच्यावर घोडा आपटला की ठिणगी पडते, ती वाजलेली होती. जुनी, मेलेली. वाजलेल्या टोपीला खळगा पडतो. हा खळगा कुणीतरी आतून ठोकून सपाट केला होता आणि वरून पॉलिश केली होती. नखाएवढ्या टोपीवर सुईसारखं काम! मर्लने पुढचं काडतूस घेतलं. तसंच. दोन्ही खोक्यांतलं एकूणएक तसंच.

मर्लने भिंग खाली ठेवलं. चुकून रवा पडेल. पण चुकून कुणी मेलेल्या टोप्या जमवून त्यांचे खळगे सपाट करत नाही.

“त्याला कळलं होतं,” तो म्हणाला. “आपल्या हातात आता दारू द्यायची नाही, हे त्याला कळलं होतं. आणि तू कधीतरी येशील आणि नियम मोडशील, हेही.”

जोलीन रडत होती आणि हसत होती. “मग भरणंच सोडून का नाही दिलं? बसायचं होतं गप्प.”

सफरचंदाची सुरी हातात घेऊन लिओटा दारात आली होती. तिने बशीतला रवा पाहिला.

“मी हे दार उघडं ठेवायचे,” ती म्हणाली. “हँडलचा आवाज यायचा. थांबला की मी हाक मारायचे, ‘ऑर्व्हिल, झालं का?’ की लगेच पुन्हा खट्‌ खट्‌. म्हटलं, हे चालू आहे तोवर आपला माणूस शाबूत आहे.” तिने पदराला हात पुसावे तसे एप्रनला पुसले. “माझ्यासाठी करत होता गं तो.”

मर्लने डोक्यावरची टोपी काढली. चर्चमध्येही तो ती कुरकुरत काढायचा. सगळं विसरलेल्या माणसाने बायकोचं एवढं कसं लक्षात ठेवलं, हे त्याला आजतागायत उमगलेलं नाही.

“रव्याचं काय करू?” शेवटी त्याने विचारलं.

“चिमण्यांना घाल,” लिओटा म्हणाली आणि आत गेली.

त्या रायफलला किती दारू मानवते हे मर्ल आणि ऑर्व्हिल यांनी मिळूनच ठरवलेलं होतं, ते मर्लला तोंडपाठ होतं. नवी टोपी, नवी दारू. पण या खेपेला भरायला त्याने जोलीनलाच बसवलं. “स्वतः भर. मग स्वतः झाड.” मेंढा तिला मिळाला, चांगला दांडगा मिळाला. डोंगरावर वरच्या खिशात तिने बापाचं रव्याचं एक काडतूस नेलं होतं.

पण ती पुढची गोष्ट. त्या दुपारी जोलीनने शेवटचं काडतूस भरलं, हँडल सोडलं, आणि गॅरेज शांत झालं.

“झालं का?” स्वयंपाकघरातून हाक आली. लिओटाचीच, सवयीने निघून गेलेली.

मर्लने जोलीनकडे पाहिलं. यंत्रात काहीच नव्हतं. जोलीनने हँडल धरलं आणि रिकामंच खाली ओढलं, खट्‌. मग पुन्हा एकदा.