मिश्रीची बोटं

सर गेले. त्यांच्या अळ्या मी मारल्या होत्या.

हे आधी सांगते, बाकीचं मागनं. मला अक्षर येत नाय, सून टाईप करतीया. तिला बजावलंय, माझ्या बोलण्यात साखर घालू नको.

सकाळीच चौकात बॅनर लागलाय. सरांचा फोटो लिंबाएवढा, श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे कलिंगडाएवढे.
थू!
यातल्या निम्म्यांनी सरांना पोलिसांचा खबऱ्या समजून कधी पाणी विचारलं नाय.

आमचं गाव अजिंठ्याकडं. वरून बघावं तर तूर, तुरीच्या आत गांजा. आमच्या रानात पण. लेकानं लावला, मी गपगुमान पाणी दिलं.

सर शहरातल्या उस्मानपुऱ्यातून रेशीमशेती शिकवायला यायचे. एकदा तुरीत शिरले, बाहेर आले.
"मावशी, वास लई भारी येतोय तुमच्या तुरीला."
"खत चांगलं हाय, सर."
"पोलिसांना पण हेच सांगणार?"

त्याच आठवड्यात लेकानं सगळं उपटलं. तुती लावली, अळ्यांना शेड बांधलं.
माझ्या दिराच्या पोरानं, दामूनं पण गांजा उपटला. म्हणला, "काकूच्या अळ्यांनी कोष केले की मी बी तुती लावतो."

सरांचा एकच नियम. शेडमध्ये तंबाखू नाय. तंबाखूचा हात लागला तरी अळी मरती.
मी मान हलवली. तंबाखू कोण खातंय? मी तर मिश्री लावते.

रोज सकाळी त्या भाजल्या तंबाखूच्या भुकटीनं दात घासायचे, अन् त्याच बोटांनी अळ्यांना पाला टाकायचा.

कोष करायच्या ऐन वक्ताला अळ्या हिरवं ओकल्या. दोन दिवसांत शेड रिकामं.

सर आले. ट्रे हुंगला. माझ्या काळ्या दातांकडं बघितलं.
दामू दारातच उभा. "काय झालं हो, सर?"
"माझीच चूक. अंडी खराब आली असतील."

मी तोंडाला पदर लावला.

"किडेवाल्यानं फसवलं," गावभर झालं. दामूनं परत गांजा लावला. आज तो जेलात हाय.

सर पुढची अंडी घेऊन आलेच. मला बाजूला बोलावलं, हातात साबणाची वडी दिली.
"मावशी, आधी हात."
एवढंच. पुन्हा कधी विषय नाय.

त्या खेपेला कोष झाले. आजवर आमची चूल त्याच्यावरच पेटतीया.
मिश्री सुटली. तोंड काय उघडलं नाय.

बॅनरवाल्यांवर थुंकले खरी, पण मला माझीच जास्त किळस येतीया. ते उघडपणे वाईट बोलले. मी त्यांच्या घरचा चहा पीत ऐकत बसले.

सूनबाई, थांबू नको. लिही.

दामू, सर खोटं बोलले रे. अळ्या तुझ्या काकूनं मारल्या. सुटलास की ये, माझ्या बांधावरनं तुतीचं बेणं घेऊन जा. शिव्या द्यायच्या तर मला दे.

सर, साबणानं हात धुतलेत.
आता जोडते.