जोलीची बास्केट पडेपर्यंत

आमच्या गावातली माणसं चर्चमध्ये खुशाल डुलक्या काढतील, पण शाळेच्या जिममध्ये बास्केटबॉलच्या सामन्याला आपल्या पोरींची पहिली बास्केट पडेपर्यंत कुणी बाकावर टेकणार नाही. सामना सुरू झाला की सगळे उभे, बास्केट पडली की सगळे एकदम खाली. का, ते विचारायचं नाही. मी शाळेच्या कँटीनमध्ये चिली, म्हणजे राजमा-खिम्याचा रस्सा, आणि दालचिनीचे रोल करते. दिवसभर पाय तुटतात, तरी मीही उभी राहते.

जोली कुचेरा खेळायला लागली आणि ही रीत बिघडली. पहिली बास्केट बहुतेक वेळा तीच टाकायची, म्हणून गाव तिच्याच बास्केटची वाट बघायला लागलं. दुसरीने टाकली तर ती धरायचीच नाही. त्या दुसरीला काय वाटत असेल, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. जोली माझी भाची. तिची आई, म्हणजे माझी बहीण, तिला टाकून डेन्व्हरला पळाली. तेव्हापासून पोरीला बाप, बॉल आणि मी. बाप डेनिस डुकरं पाळतो. कमरेतून गेलाय, काठीशिवाय हलत नाही, पण सामन्याला उभा.

ती राज्याच्या विद्यापीठाकडून खेळायला लागली तेव्हा आम्ही नेब्रास्काचं बर्फ तुडवत तिथेही गेलो आणि तिथेही उभे राहिलो. हळूहळू तिथले लोकही आमच्यासारखेच उभे राहायला लागले. गाव नुसतं फुगलं होतं.

मग एका व्यावसायिक संघाने तिला निवडलं. निवडलं म्हणजे घेतलं असं नसतं. आधी सराव शिबिर, आणि त्यातून रोज कुणाला तरी घरी धाडतात. शेवटी जागा उरली एक आणि पोरी दोन, आमची जोली आणि जॉर्जियाची डनिशा. जोलीचा फोन आला.

"कोच म्हणाली, बास्केट टाकणाऱ्या माझ्याकडे ढीगभर आहेत. मला समोरचीला अडवणारी आणि मोकळ्या पोरीला पास देणारी हवी. कॉलेजातली राणी नको."

"मग दे की पास. त्यात काय?"

"देतेय गं मावशी. हात शिवशिवतात, पण देतेय. ही जागा गेली तर मी काय करू? मला दुसरं काही येत नाही."

शिबिरातला शेवटचा सामना संघाने मुद्दाम तिच्या जुन्या विद्यापीठात ठेवला. जोली नसती तर तिकडे कुत्रं फिरकलं नसतं. तिकिटं हातोहात खपली आणि अख्खं गाव गेलं.

सामना सुरू झाला, आम्ही उभे. संघाने बास्केटवर बास्केट टाकल्या, आम्ही उभेच. जोली अजून राखीव खेळाडूंच्या बाकावर.

"अहो, बसा की खाली! तुमच्या पाठी बघायला आलोय का आम्ही?" मागून एक बाई ओरडली.

"जोलीची बास्केट पडू दे, मग बसतो!" आमचा रोलंड न्हावी खेकसला. त्याचं तोंड त्याच्या कात्रीपेक्षा जास्त चालतं. मग बाकीचेही उठले, ती बाईसुद्धा.

शेवटी शेवटी जोलीला आत घेतलं. काय खेळली! समोरचीला श्वास घेऊ दिला नाही, मिळालेला प्रत्येक बॉल दुसरीला दिला. कोचने टाळीसुद्धा वाजवली. माझ्या जिवात जीव आला. आम्ही मात्र उभेच. डेनिसची काठी थरथरत होती.

मग जोलीच्या हातात बॉल आला. बास्केटखाली तिच्याच संघातली उंच पोरगी मोकळी उभी, दोन्ही हात वर करून मागत होती. जोलीने तिच्याकडे पाहिलं, मग वर पाहिलं, बापाकडे. आणि लांबून स्वतःच टाकला.

पडली. आम्ही सगळे एकदम खाली बसलो. म्हातारे रडत होते. कोच तेवढी उभी होती.

सकाळी कोचने तिला बोलावलं.

"काल ती मोकळी दिसली नव्हती?"

"दिसली होती."

"मग? तू त्यांच्यासाठी खेळलीस. माझ्यासाठी डनिशा खेळेल."

जोली स्लोव्हाकियात खेळायला गेली. तिथे तिच्यासाठी कुणी उभं राहत नव्हतं, आणि पास द्यायचं तिच्या अंगवळणी पडलं. गुडघा गेला तेव्हा क्लबने तिला परतीच्या विमानात बसवून दिलं. आता ती धान्याच्या कोठारावर ट्रकांची वजनं करते.

मागे एका शुक्रवारी चर्चच्या तळघरात गावजेवणासाठी मासे तळत होते. सगळे जेवायला बसलेले, आणि रोलंडला कंठ फुटला.

"जोली, तुझ्यासाठी उभं राहून माझे गुडघे गेले बघ! त्याची तुला काही किंमत?"

जोलीने काटा खाली ठेवला. "तुम्ही बसला असतात ना रोलंड, तर मी पास दिला असता."

डेनिस ताटाकडे बघत म्हणाला, "मी बसणार होतो गं. पण सगळे उभे होते."

जोलीने माशाचे काटे काढून मासा बापाच्या ताटात वाढला.

पुढच्या सामन्याला जिममध्ये सगळे उभे राहिले. डेनिस जन्मात पहिल्यांदा सुरुवातीपासून बसून राहिला, दोन्ही हात काठीवर. त्या दिवशी आमच्या पोरी हरल्या. डेनिस बसला म्हणून हरल्या, असं गावात सगळे म्हणतात, आणि त्याच्या शेजारी आता कुणी बाकावर बसत नाही.